प्रारब्ध म्हणण्याचा अधिकार कोणाचा?



श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात दुसऱ्या दिवसाचं वाचन एकविसाव्या अध्यायावर येऊन थांबतं. गेली बेचाळीस वर्षं मी मार्गशीर्षातल्या सप्ताहाला बसतो आहे, त्यामुळे ओव्या जिभेवर आपोआप येतात. खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत तो अध्याय मी वाचला होता, पण ऐकला नव्हता. चार वर्षांपूर्वी आमच्या चाळीतला एक तरुण बाप माझ्या दारात आला आणि त्याने मला तो ऐकायला लावला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लालबागची आमची चाळ जुनी, ओळखणारे ओळखतील, पण नाव लिहिलं की माणसं त्याच्या मुलीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. आधी बारीक ताप, मग पायांवर निळसर डाग, मग रक्ताची तपासणी, आणि आठवड्याभरात मुलगी परळला दाखल. आम्ही सगळे हळहळलो, कोणी डबा दिला, कोणी पैसे दिले. मग दीड वर्षाच्या आत शेजारच्या इमारतीतल्या दोन वर्षांच्या बाळाच्या डोळ्यात पांढरी चमक दिसली, तोही कर्करोगच निघाला. आणि त्याच गल्लीत, वाण्याच्या दुकानावर राहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखायला लागला. तो मुलगा कबड्डी खेळायचा, म्हणून घरच्यांना वाटलं मुका मार असेल. हाडाचा कर्करोग होता.

एका गल्लीत तीन मुलं. एका संध्याकाळी मुलीचा बाप माझ्याकडे आला. हातात जुन्या कॅलेंडरचा कागद, त्याच्या कोऱ्या बाजूवर त्याने गल्लीचा नकाशा काढला होता, आणि बायकोच्या पाकिटातल्या तीन लाल टिकल्या त्यावर चिकटवल्या होत्या. म्हणाला, "काका, बघा. शंभर पावलांत तीन. हे उगाच होईल का? समोर मोबाईलचा टॉवर आहे. पलीकडे मिलची जमीन खणतायत, तिच्यात काय काय पुरलेलं असेल. आपली पाण्याची लाईन कधीची आहे देव जाणे. मला फक्त कोणीतरी सांगा, हे कशामुळे झालं?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बाबा रे, प्रारब्ध. ते कोणाला चुकलंय? महाराजांवर सोड."

तो काही बोलला नाही. नकाशाची घडी घातली आणि गेला. त्यानंतरचे चार गुरुवार तो आरतीला आला नाही.

मला वाटलं होतं की मी त्याला आधार दिला. चुकीचं काही बोललो असंही वाटलं नाही. कर्माचा सिद्धांत मी मानतो, आजही मानतो. पण माझ्या सौ. त्याच्या घरी जाऊन आल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. मुलीच्या आईला शेजारपाजारच्या बायका विचारत होत्या, तुमचा काही कुलाचार राहिलाय का, घरात पितृदोष आहे का, कोणाचं काही घेतलंय का. आणि ती पोरगी स्वतःच एका गोष्टीने आतून पोखरली होती. दिवस गेले असताना एका ग्रहणात तिने नकळत विळी हातात घेतली होती, कोथिंबीर चिरायला. सासूने तेव्हा हटकलं होतं. पाच वर्षं ती ते विसरली होती आणि आता तिला त्याखेरीज दुसरं काही आठवत नव्हतं. मुलीला सुई टोचली की ती विळी आठवायची.

मी "प्रारब्ध" हा शब्द त्या घरात टाकला, तो त्या बाईच्या कानात "तुझ्यामुळे" असा पडला. मला तसं म्हणायचं नव्हतं, पण शब्द दुसऱ्याच्या कानात जाऊन काय होतो याची जबाबदारी बोलणाऱ्यावरच असते.

तो मार्गशीर्ष आला, सप्ताहाला बसलो, आणि दुसऱ्या दिवशी एकविसावा अध्याय. भाविकांना कथा ठाऊकच आहे, तरी थोडक्यात सांगतो. शिरोळच्या ब्राह्मणाच्या बायकोची मुलं जगत नव्हती. औदुंबरी सेवा केल्यावर श्रीगुरूंच्या कृपेने दोन पुत्र झाले. थोरल्याच्या मुंजीची तयारी झाली आणि तो धनुर्वाताने तीन दिवसांत गेला. आई प्रेत सोडीना. गाव जमला, समजावू लागला. मग एक ब्रह्मचारी आला आणि त्याने तिला ज्ञान सांगितलं: देह नाशवंत, संबंध मायेचे, कर्माने येतो आणि कर्माने जातो, शोक कोणासाठी करतेस. म्हणजे मी त्या बापाला जे सांगितलं तेच, फक्त माझ्यापेक्षा शंभरपटीने चांगलं.

आणि ती बाई काय करते? ती ऐकते आणि मानत नाही. उलट विचारते, की असंच जर होतं तर गुरूंनी मला वर का दिला? मी कोणावर विश्वास ठेवायचा? ब्रह्मचारी रागावत नाही. तो म्हणतो, जिथे वर मिळाला तिथेच जाऊन विचार. ती प्रेत उराशी धरून औदुंबराला जाते, पादुकांवर डोकं आपटते, रात्र झाली तरी उठत नाही. तो ब्रह्मचारी कोण होता हे वाचकांना सांगायला नको.

आता इथे कोणी प्रामाणिक वाचक मला अडवेल आणि म्हणेल, अहो, विसाव्या अध्यायात त्याच बाईला मागच्या जन्माचं कारण सांगितलंय ना? शंभर रुपयांचं बुडवलेलं कर्ज, त्या दुःखाने मेलेला ब्राह्मण, त्याची पीडा? मग प्रारब्ध खोटं कसं? प्रारब्ध खोटं असं मी म्हणतच नाही. पण ते कारण तिला कसं सांगितलं गेलं ते बघा. तीच स्वतः विचारत गेली होती. ज्याने कारण सांगितलं त्याने त्याच दमात उपाय सांगितला, कुठे जा, किती दिवस सेवा कर, काय कर. पुढे श्रीगुरू तिच्या बाजूने उभे राहिले. कारण सांगून दार बंद केलं नाही, उघडलं. माझ्या उत्तरात उपाय नव्हता, सोबत नव्हती, आणि खरं म्हणजे मला तो प्रश्न माझ्या दारातून लवकर जायला हवा होता. संध्याकाळची वेळ होती आणि मला आरतीला उशीर होत होता.

माझ्या वडिलांची आठवण मला तेव्हाच झाली. ते गिरणीत कार्डिंग खात्यात होते. जन्मभर खोकले. त्यातही एक गंमत होती, गंमत कसली, पण आम्हा मुलांना तेव्हा वाटायची: सोमवारी त्यांचा खोकला जास्त असायचा, छाती आवळल्यासारखी व्हायची, शनिवारपर्यंत जरा बरं. आई म्हणायची रविवारी दही खाता म्हणून. आजी म्हणायची नशीब. आमच्या मजल्यावर कार्डिंग खात्यातले चार जण होते, चौघेही तसेच खोकायचे, आणि चौघांचंही नशीबच म्हणायचे. तेव्हा कोणी टिकल्या लावून नकाशा काढला नाही. पुढे कळलं की त्याला नाव आहे, बिसिनोसिस, कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग. रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा धुळीत गेलं की सोमवारी छाती आवळते, हीच त्याची खूण. कायद्यात तो कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे, भरपाई मागता येते. वडील ते कळायच्या आधीच गेले. त्यांच्या मागच्या जन्मीचं काय होतं मला माहीत नाही, पण या जन्मी धूळ होती, आणि ती कोणीतरी मोजायला हवी होती.

आपण ज्या भागात राहतो त्याने खरं तर हा धडा फार पूर्वी शिकायला हवा होता. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसं म्हणाली देवीचा कोप, कोणी म्हणाले सरकारच माणसं मारतंय. हाफकिन साहेबांनी लस केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा नंतर परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, तीच आपली हाफकिन इन्स्टिट्यूट. उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते, हे पक्कं करण्याचं मोठं काम तिथेच झालं. देवीचा कोप मानणाऱ्यांची भक्ती खोटी होती असं नाही. पण पिसू सापडली म्हणून लेकरं वाचली.

त्याच परळात १९४१ साली टाटा रुग्णालय उभं राहिलं. तिथल्या डॉ. वसंत खानोलकरांनी आपल्या लोकांच्या सवयींकडे बघून कर्करोगाची कारणं शोधली. कमरेला धोतर रोज त्याच जागी आवळून त्वचा वर्षानुवर्षं घासली गेली की तिथे कर्करोग होऊ शकतो, हे १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात आहे. पूजेपुरतं सोवळं नेसणाऱ्यांनी घाबरू नये! सांगायचा मुद्दा असा, की कारण कधी कधी अगदी कमरेला बांधलेलं असतं आणि कोणी बघितल्याशिवाय दिसत नाही.

एवढं मनात आल्यावर पाचव्या गुरुवारी मीच त्याच्या दारात गेलो. म्हणालो, "तो नकाशा काढ. मी चुकलो. आपण दोघं मिळून विचारू."

मी निवृत्त माणूस, अर्ज लिहिणं हे माझं आयुष्यभराचं काम. पालिकेच्या विभाग कार्यालयात अर्ज दिला, पाण्याचे नमुने दिले, जंतूंखेरीज रसायनांची तपासणी खासगी प्रयोगशाळेत पदरमोड करून करवली. टॉवरच्या लहरी मोजून मिळाव्यात म्हणून सरकारी संकेतस्थळावर चार हजार रुपये भरून मागणी करता येते हे आम्हाला तेव्हाच कळलं. गल्लीत घरोघर फिरलो. कोण किती वर्षं राहतंय, मुलं किती, कोणाला काय आजार, सगळं एका दोनशे पानी वहीत लिहिलं. दारं आपटली गेली, काहींनी चहा दिला. एका म्हातारीने आपल्या १९७० साली गेलेल्या बाळाचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. कर्करोग नव्हता तो, पण आम्ही लिहिलं.

या वणवणीत मला टॉवरचं जुनं प्रकरण कळलं. २०१० च्या सुमारास आपल्याच मुंबईत, कारमायकल रोडवरच्या एका उंच इमारतीत कर्करोगाचे काही रुग्ण निघाले, समोरच्या इमारतीवर मोबाईलचे अँटेना होते, आणि ते वर्तमानपत्रांत गाजलं. आयआयटीचे प्राध्यापक गिरीश कुमार त्या काळात टॉवरविरुद्ध जोराने बोलत होते. २०११ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकलं. म्हणजे पुरावा अपुरा, पण नाकारलेला नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. अँटेनामुळेच ते रोग झाले असं मात्र शास्त्राने सिद्ध केलं नाही. आमच्या टॉवरचं मोजमाप मर्यादेच्या खूप खाली आलं.

ते येण्याआधीच गल्लीत व्हायचं ते होऊन गेलं होतं. टॉवर ज्या इमारतीवर आहे तिथल्या सोसायटीला त्याचं भाडं मिळतं आणि त्यावर त्यांची लिफ्ट चालते. गणपतीच्या बैठकीत कोणीतरी उठून म्हणालं, "आमच्या पोरांच्या जिवावर तुमची लिफ्ट." त्या सोसायटीचे सेक्रेटरी माझ्यापेक्षा मोठे, गुडघ्यांनी अधू. ते रडले. आम्ही वहीत टॉवर लिहिला होता, "खुनी" हा शब्द आम्ही लिहिला नव्हता, पण तो आमच्याच वहीतून निघाला. मी मागे प्रारब्धाचा शब्द फेकला होता, आता गल्लीने टॉवरचा फेकला. न बघता दोष ठेवणं दोन्हीकडे सारखंच. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप स्वतः त्यांच्याकडे गेला आणि पाया पडला. मला त्याचं फार कौतुक वाटलं, कारण तेव्हा मुलीच्या पेशी पुन्हा खाली गेल्या होत्या आणि तो तीन रात्री झोपला नव्हता.

मग परळच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला वेळ दिला. बाहेर व्हरांड्यात बिहार, बंगालपासून आलेले आईबाप बसले होते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले, काही फुटपाथवरही. त्या प्रत्येकाकडे हाच प्रश्न असणार. बाईंनी वही पानन् पान बघितली. म्हणाल्या, मुंबईत कर्करोगाची नोंद १९६३ पासून ठेवली जाते, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केलेली, देशातली अशी पहिली. म्हणजे कोणीतरी मोजतंय. पण मुलांचा कर्करोग दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण शंभर-दीडशे इतकाच. एवढ्या मोठ्या शहरात तो कुठे एकेकटा आणि कुठे जोडीने दिसणारच. तुम्ही लग्नात अक्षता टाकता ना? सतरंजीवर बघा. दाणे सारख्या अंतरावर पडतात का? कुठे मोकळी जागा, कुठे पाच दाणे एकत्र. तिथे कोणी मुद्दाम टाकलेले नसतात. आणि दाणे पडल्यावर त्यांच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं की ते फारच दाट वाटतात. शिवाय तुमच्याकडचे तिन्ही रोग वेगळे: रक्त, डोळा, हाड. एकाच गोष्टीने झाले असते तर बहुधा एकाच जातीचे निघाले असते. डोळ्याचा रोग तर पुष्कळदा जन्मतः जनुकातल्या बदलाने होतो.

बाप म्हणाला, "म्हणजे मी वेडा." त्या म्हणाल्या, "नाही. विचारलं नसतंत तर आम्हाला कळलं नसतं."

अमेरिकेतला एक आढावाही त्यांनी सांगितला. वीस वर्षांत वस्त्यांमधल्या कर्करोगाच्या अशा ४२८ तपासण्या झाल्या. कर्करोगाचं प्रमाण खरोखर वाढलेलं ७२ बाबतीत निघालं. तीन बाबतीत एखाद्या कारणाशी संबंध जोडता आला आणि स्पष्ट कारण एकाच ठिकाणी हाती लागलं. चारशे अठ्ठावीस गावांतले आईबाप, आणि उत्तर एकाला. हे ऐकून मी मनात म्हटलं, मग माझंच पहिलं उत्तर काय वाईट होतं? घरी येताना हेच डोक्यात होतं. दादरला कबुतरखान्यावरून चालत येत होतो, तेव्हा अवधूताचा कपोत आठवला.

चोवीस गुरूंमधला हा गुरू आपण लहानपणापासून ऐकतो. कबुतराची पिल्लं जाळ्यात सापडतात, आई त्यांच्यामागे जाळ्यात पडते, मग बापही पडतो. अवधूत त्यातून शिकले की अतिस्नेह घात करतो. मी हे कीर्तनात कित्येकदा ऐकलंय आणि मान डोलावलीय. त्या दिवशी वाटलं, हा धडा अवधूतांनी स्वतःसाठी घेतला. ते त्या कबुतरीला जाऊन सांगत बसले नाहीत, की बाई, तुझी आसक्ती जास्त आहे. जाळ्यात पिल्लू अडकलेल्या आईला वैराग्य शिकवणं हे अवधूतांचं काम नव्हतं आणि माझं तर नाहीच नाही. प्रारब्ध हा शब्द ज्याचं दुःख आहे त्याने स्वतः म्हणावा, त्याला त्यातून शांती मिळते, मी मिळालेली पाहिली आहे. बघ्याने तो म्हणू नये. बघ्याने चप्पल घालून त्याच्याबरोबर कार्यालयात जावं.

आणि शोधणं वाया जात नाही हे मला वोबर्नच्या गोष्टीवरून कळलं. तीही डॉक्टरीणबाईंनीच सांगितली. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं गाव. १९७२ च्या जानेवारीत ॲन अँडरसन या बाईच्या लहानग्या जिमीला रक्ताचा कर्करोग निघाला. रुग्णालयात, बाजारात तिला आपल्याच भागातल्या अशाच आया भेटत गेल्या. नळाच्या पाण्याला वास यायचा. ती सांगत राहिली, पाण्यात काहीतरी आहे. कोणी ऐकेना. तिच्या चर्चचे पाद्री ब्रूस यंग यांनाही सुरुवातीला वाटलं की दुःखाने बाईच्या मनाने हे घेतलंय. पण त्यांनी माझ्यासारखं केलं नाही, ते तिच्याबरोबर राहिले. १९७९ मध्ये गावच्या दोन विहिरींच्या पाण्यात कारखान्यांत वापरली जाणारी रसायनं सापडली आणि विहिरी बंद झाल्या. त्याच वर्षी त्या पाद्रींनी चर्चमध्ये आईबापांची सभा बोलावली, नकाशावर खुणा झाल्या. १९६९ ते १९७९ या काळात गावात बारा मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता, साधारण पाच अपेक्षित असताना. जिमी १९८१ च्या जानेवारीत गेला. खटला चालला, एका कंपनीने तडजोडीचे पैसे दिले. पुढे १९९६ साली राज्याच्या आरोग्य खात्याच्या अभ्यासात गरोदरपणी ते पाणी प्यायलेल्या आयांच्या मुलांशी संबंध दिसला. आकडे लहान, म्हणून वाद आहेत. पण विहिरी बंद झाल्या, आणि नंतर जन्मलेली मुलं ते पाणी प्यायली नाहीत.

देवळात बसणाऱ्या माणसाने काय करावं हे मला त्या पाद्रींकडून शिकायला मिळालं, याची लाज वाटायचं कारण नाही. अवधूतांनी कबुतर, मधमाशी, अजगर सगळ्यांना गुरू केलं, मग आपल्याला एक पाद्री का नको?

आमच्या वहीतून काय निघालं ते सांगतो. पाण्यात कर्करोगाशी जोडता येईल असं काही सापडलं नाही, पण दोन इमारतींच्या मधली एक जुनी जोडणी गटाराला लागून गळत होती, ती बदलली गेली. टॉवर मर्यादेत. मिलच्या जमिनीच्या खोदकामावर पाणी मारणं आणि हिरवी जाळी लावणं सुरू झालं, धूळ कमी झाली. तीन मुलांना कर्करोग कशामुळे झाला, ते कळलं नाही. डोळ्याच्या बाळाची जनुकीय तपासणी झाली आणि त्याच्या पाठच्या बहिणीचे डोळे जन्मल्यापासून तपासले जाऊ लागले. हाडाचा रोग झालेला मुलगा गेल्या श्रावणात गेला. त्याच्या आईला मी कुठलाही अध्याय सांगितला नाही. तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी जाऊन बसत होतो, ती बोलायची, कधी नाही बोलायची. औदुंबराखाली जे घडलं ते आमच्या गल्लीत घडलं नाही, आणि का घडलं नाही हे तिने मला विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. ती म्हणाली, बरं झालं, तुम्ही तरी काही सांगितलं नाहीत.

आणि ती विळी. मुलीची आई एकदा डॉक्टरीणबाईंना भेटायला आमच्याबरोबर आली होती. निघताना दारातून मागे फिरली आणि ग्रहणाचं सगळं बोलून गेली. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आई, नाही. काहीही संबंध नाही. तुम्ही काही केलं नाहीत." ती भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. पाच मिनिटं कोणी तिला उठवलं नाही. कशामुळे झालं हे तिला आजही माहीत नाही, पण कशामुळे नाही हे माहीत आहे. माझे बेचाळीस सप्ताह तिच्यासाठी हे करू शकले नव्हते.

मुलीचे उपचार संपून दीड वर्ष झालं. दर काही महिन्यांनी तपासणी असते, त्याच्या आदल्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा जळत असतो. गेल्या दत्तजयंतीला सूर्यास्ताला पाळणा हलवताना ती दोरी धरून पुढे उभी होती. केस दाट आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे. बाप गुरुवारी आरतीला येतो, शेवटच्या ओळीत उभा राहतो. वही अजून त्याच्याकडेच आहे. परवा त्याने मला थांबवलं, पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ त्याला भेटायला आले होते, त्यांच्या नातवाला काहीतरी निघालंय. तो म्हणाला, "काका, रविवारी मोकळे आहात ना?"